शून्य, तीन, सात, अठ्ठावीस

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. सकाळचे साडेनऊ वाजले होते. भाऊ निघालाय असा फोन येऊन गेला होता, म्हणून मी अंगण झाडून घेतलं आणि फाटकाशी बसलेल्या भुऱ्याला पोळीचा तुकडा द्यायला वाकले. भुऱ्या म्हणजे आमच्या गल्लीतल्या कुत्रीचं तीन-चार महिन्यांचं पिल्लू. पोळीकडे त्यानं बघितलंही नाही. सरळ डाव्या हाताचं मधलं बोट धरलं, सोडलं आणि मी हात मागे घेईपर्यंत मनगटाच्या वर दात ओढले. बोटाला दोन भोकं, हातावर चार बोटं लांबीचा ओरखडा, दोन्हींतून रक्त.

खरं सांगते, पहिल्या पाच मिनिटांत मी काहीच धड केलं नाही. नळाखाली हात धरला, रक्त थांबल्यासारखं वाटल्यावर पुसला. सासूबाईंनी हळद दाबली. शेजारच्या काकूंनी चुना आणला. चुलत सासऱ्यांनी एका गावाचं नाव सांगितलं, तिथे कोणी पुडी देतं म्हणे, तीन दिवस पथ्य. "पिल्लूच तर आहे, दुधाचे दात," असंही झालं. माझ्या डोक्यात मात्र माझे वडील होते. मी दुसरीत असताना त्यांना कुत्रं चावलं होतं आणि पोटात रेबीजची चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. रोज संध्याकाळी ते पोटावर ओला पंचा ठेवून पडायचे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत आणि आपल्याकडे ती २००५च्या आसपास बंद झाली, हे मला आत्ता कळलं. तोवर मी मनातून चौदा सुयाच मोजत होते.

भाऊ दहाला आला. ओवाळणं राहिलं बाजूला, "ताई, आधी दवाखाना," म्हणून त्यानं गाडी तशीच वळवली.

आमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. (गावाचं नाव लिहीत नाही, तिथली सगळी माणसं रोजच्या बघण्यातली आहेत.) रविवार, त्यात सण, म्हणजे ओपीडी बंद आणि अपघात विभाग चालू. कुत्रं चावलं तर सोमवारची वाट बघू नका, अपघात विभागात लस मिळते. केसपेपरला पैसे पडले नाहीत. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून ते बंद आहेत. आधार कार्ड तेवढं मागितलं.

ड्यूटीवर अगदी तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी हातावरची हळद पाहिली आणि इंजेक्शन राहू दे, आधी बेसिनवर चला म्हणाल्या. कपड्याच्या साबणाची वडी हातात दिली, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "पंधरा मिनिटं. वाहत्या पाण्याखाली. बोटाची भोकं दाबून, उघडून." पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तिथे कळलं. सातव्या मिनिटाला मी विचारलं, एवढं कशाला? रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टन असतं आणि साबण भांड्यावरच्या तुपासारखं ते सोडवतो, म्हणाल्या. वेष्टन गेलं की विषाणू निकामी. म्हणजे सगळ्यात स्वस्त औषध माझ्या घरच्या मोरीत होतं आणि मी त्यावर हळद दाबून तास घालवला. धुतल्यावर त्यांनी बीटाडिन लावलं आणि जखम उघडीच ठेवली. टाके नाहीत, पट्टी नाही. शक्यतो टाके टाळतात, सुईनं विषाणू आत ढकलला जाऊ नये म्हणून.

केसपेपरवर त्यांनी रोमन आकड्यात तीन लिहिलं. नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर पहिली श्रेणी, तिथे काहीच लागत नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरी, तिथे लस. कातडी फाटून रक्त आलं की तिसरी, तिथे लस आणि सीरम (लगेच काम करणारं तयार संरक्षण) दोन्ही. मग दोन्ही दंडांना कातडीतली लस झाली, एकेका ठिकाणी एक दशांश मिली, आणि धनुर्वाताचं वेगळं. पिवळ्या कार्डावर तारखा पडल्या: ३, ६, १० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर. शून्यावा, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस. पहिला दिवस शून्य धरतात, मोजताना घोळ होतो, म्हणून तारखाच लिहून घ्या.

इथे आमची गाडी अडली. सीरम शिल्लक नव्हतं. औषधं देणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, "लस झाली ना, पुरे होतं. सगळे तेवढीच घेतात." आम्ही निघालोही होतो. डॉक्टर पाठोपाठ व्हरांड्यात आल्या आणि जिल्ह्याला जायची चिठ्ठी हातात दिली. "बाई, आजच जा. लस आज दिली म्हणून तुम्ही आज सुरक्षित झाला नाहीत."

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. रोगप्रतिकारशक्तीचा धडा माझ्या तोंडपाठ आहे आणि तरी हे वाक्य मला व्हरांड्यातच उमगलं. लस म्हणजे मेलेला विषाणू दाखवून शरीराला केलेली ओळखपरेड. ती बघून शरीर स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं) तयार करतं, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. विषाणू तोवर थांबत नाही. तो चावलेल्या जागी स्नायूत थोडा वाढतो आणि मग जवळच्या चेतातंतूत शिरतो. एकदा तंतूत शिरला की रक्तातल्या पेशींना आणि प्रतिपिंडांना तो जवळजवळ दिसतच नाही. तिथून दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर असा मेंदूकडे. गोवर-कांजिण्यांमध्ये विषाणू रक्तात फिरतो, ताप येतो, गाजावाजा होतो आणि शरीर जागं होतं. हा चोर मागच्या दारानं येतो. शरीराला स्वतःहून जाग येते तेव्हा तो मेंदूत पोचलेला असतो आणि लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मधल्या त्या रिकाम्या आठवड्यासाठी सीरम. दुसऱ्या कुणाच्या शरीरानं आधीच बनवलेली प्रतिपिंडं उसनी आणायची आणि जिथे दात लागले तिथेच भरायची. पहिली लस घेतल्यावर सात दिवसांच्या आत ते घेता येतं, नंतर नाही, कारण तोवर घरचं उत्पादन सुरू झालेलं असतं. पण जितका उशीर तितका चोर पुढे.

वाटेत दोन मेडिकलमध्ये विचारलं. एकाकडे माणसाच्या रक्तापासून केलेलं सीरम मागवून मिळत होतं. एक कुपी पाच हजारांच्या पुढे, आणि माझ्या ५८ किलो वजनाला तशा चार लागल्या असत्या. भावानं खिशात हात घातला होता. मी म्हटलं, आधी जिल्हा रुग्णालय बघू. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिपिंडांचंही इंजेक्शन काढलेलं आहे, ते त्या दिवशी दोघांकडेही नव्हतं.

जिल्ह्याला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पुन्हा नवा केसपेपर, पुन्हा आधार, चिठ्ठीची झेरॉक्स. रुग्णालयासमोरचं झेरॉक्सचं दुकान सणामुळे बंद, म्हणून भाऊ स्टँडपर्यंत जाऊन आला. तुम्ही जाल तेव्हा कार्डाच्या आणि आधारच्या दोन-दोन प्रती घरूनच न्या. तासाभरात आत बोलावलं. इथे घोड्याचं सीरम होतं. घोड्याला लस देत राहतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर झाली की रक्त काढून ती वेगळी करतात. ही युक्ती जुनी आहे. घटसर्पासाठी बेरिंग आणि किटासातो यांनी १८९० साली अशीच प्राण्यांची प्रतिपिंडं वापरून दाखवली आणि वैद्यकातलं पहिलं नोबेल १९०१ मध्ये बेरिंगला त्याच कामासाठी मिळालं.

वजन केलं. किलोला ४० एकक म्हणजे २,३२० एकक, दोन कुप्या फोडल्या. आधी हातावर चाचणीचा थेंब, वीस मिनिटं वाट. अॅलर्जी उठलीच तर म्हणून ट्रेमध्ये अॅड्रिनलिन भरून तयार. आणि मग जे झालं ते सांगितलं पाहिजे, कारण याची मला कोणी कल्पना दिली नव्हती: सुई जखमेतच जाते. ओरखड्याच्या कडेकडेनं सात-आठ वेळा टोचून औषध भरलं, हात पोळीच्या कणकेसारखा फुगला. ते सोसवलं. बोट नाही सोसवलं. बोटाच्या पेराला जागाच नसते, औषध शिरताना आतून कातडी फाटते की काय असं वाटतं. डॉक्टरांनी तिथे थोडंच भरलं, जास्त दाबलं तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो म्हणाले. मी भावाचा शर्ट धरून होते, त्याचं वरचं बटण तुटलं. नंतर तासभर बाकावर बसवून ठेवलं. घरी आलो तेव्हा दिवेलागण झालेली. एका हातानं ओवाळलं.

तिसरा दिवस, बुधवार ६ नोव्हेंबर. सकाळी सव्वानऊला पोचले, लस मिळाली अकराला. कातडीतल्या पद्धतीत एका कुपीत चार-पाच जणांचं भागतं आणि फोडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. म्हणून सिस्टर म्हणाल्या, "अजून दोघं येऊ द्या, बाई." बाकावर एक मेंढपाळ, एक कॉलेजचा मुलगा, आजीबरोबर आलेली छोटी. आमची एक गल्लीच झाली ती, पुढच्या तारखांना पुन्हा हेच चेहरे. मला आधी वाटलं, थोडी थोडी लस देऊन सरकार काटकसर करतंय. काटकसर आहेच, पण कातडीत पाळतीवरच्या पेशी दाट असतात, त्यामुळे स्नायूपेक्षा कमी लशीत काम होतं. खासगीत स्नायूत देतात, त्याच्या तारखा पाच असतात, चौदावा दिवसही धरतात. मध्येच एकीकडून दुसरीकडे जाऊ नका, विचारल्याशिवाय तर नाहीच.

त्याच संध्याकाळी कळलं की भुऱ्या दिसत नाही. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर त्याच्या लाळेत चावताना विषाणू नव्हता असं समजतात आणि डॉक्टर पुढचे डोस थांबवूही शकतात. माझी ती सोय गेली. नवरा आणि पोरं टॉर्च घेऊन ओढ्यापर्यंत बघून आली. नगरपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली. काही निष्पन्न झालं नाही.

शुक्रवारी अंघोळ करताना डाव्या काखेत काहीतरी हाताला लागलं. हरभऱ्याएवढं, दाबलं तर किंचित दुखणारं. बाईमाणसाच्या मनात गाठ म्हटल्यावर पहिलं काय येतं ते वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. मग त्या तरुण डॉक्टरांकडेच गेले. त्यांनी चाचपून पाहिलं, हसल्या. "ही तर तुमची शाळा भरलीये."

इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, शत्रू दिसला की तुटून पडतात. काही पेशी तशा असतातही, जखमेतला पू म्हणजे त्यांचीच प्रेतं. पण काखेतलं काम मला मतदान केंद्रासारखं वाटतं (निवडणूक ड्यूटी डोक्यात होती, दुसरं काय सुचणार). पाळतीवरची पेशी दंडातल्या लशीचा तुकडा उचलते आणि काखेतल्या लसिकाग्रंथीत नेते. तिथे लाखो पेशी बसलेल्या, प्रत्येकीकडे एकच आकडा, म्हणजे हुक, आणि त्याचा आकार दुसरीपेक्षा वेगळा. बहुतेकींचा आकडा जन्मभर कशातच बसत नाही. यादीवर बोट फिरवत जावं तसा तो तुकडा एकेकीला दाखवला जातो. जिचा आकडा जुळला ती, मदतनीस पेशींनी होकार दिल्यावर, दुप्पट-चौपट होत सुटते. म्हणून गाठ सुजते. त्यांतल्या काही प्रतिपिंडं ओतणाऱ्या कारखान्यासारख्या होतात, काही गप्प बसून आठवण ठेवतात. सात ते चौदा दिवस यातच जातात. पुढचे डोस पुन्हा तोच तुकडा दाखवतात, दर फेरीला जास्त घट्ट बसणाऱ्या आकड्यांची निवड होते. कार्डावरच्या तारखा कुणा कारकुनानं ठरवलेल्या नाहीत, एवढं त्या दिवशी पटलं.

सातवा दिवस, १० नोव्हेंबर, रविवार, आणि त्याच दिवशी निवडणुकीचं प्रशिक्षण. सकाळी आठला अपघात विभागात गेले, कार्ड दाखवलं. शिकाऊ मुलीनं उजव्या दंडाला दिली तेव्हा काही दिसलंच नाही. बरोबर गेली की मसुराएवढा पांढुरका फुगवटा येतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. तो आला नाही म्हणजे लस कातडीखाली गेली. सिस्टरांनी शेजारी पुन्हा दिली. फुगवटा आला का ते आपणही बघावं, नसेल तर सांगावं, कुणी रागावत नाही. प्रशिक्षणाला वीस मिनिटं उशिरा पोचले. साहेबांनी कारण विचारलं, मी पिवळं कार्ड दाखवलं. पुढचा प्रश्न आला नाही.

दोन दिवसांनी अंगावर गांधी उठल्या. आधी पोटावर, मग मांड्यांवर, गुडघे धरले, अंगात कणकण. मी समजले, संपलं सगळं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी याची कल्पना दिली होती, मी विसरले होते. घोड्याची प्रतिपिंडं मला वाचवायला आली असली तरी माझ्या शरीराच्या लेखी ती परकी प्रथिनंच. आठवडा-दहा दिवसांत शरीर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार करतं. हे थोड्याच लोकांना होतं, मी त्यांच्यात निघाले. खाज कमी व्हायची गोळी आणि पॅरासिटामॉल, चार दिवसांत उतरलं. स्टेरॉइड मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका असं त्यांनी बजावलं, त्यानं लशीचं कामच मंदावतं. खाण्यापिण्याचं पथ्य विचारलं तर काही नाही. सासूबाईंनी तरी महिनाभर अंडं घरात येऊ दिलं नाही.

सगळ्यात वाईट होती ती त्यानंतरची एक रात्र, १५ तारखेची. बोट भरून येत होतं आणि टोकाला मुंग्या आल्या. चावलेल्या जागी मुंग्या हे रेबीजचं पहिलं लक्षण असू शकतं, हे मी इंटरनेटवर वाचून बसले होते. अडीच वाजता उठून स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाणी घेतलं आणि घोट घोट प्यायले. गिळता येतंय. पुन्हा प्यायले. नवऱ्यानं दिवा लावला तेव्हा मी तिसऱ्या तांब्यावर होते. "अगं, भरणारी जखम चुणचुणतेच," तो म्हणाला आणि स्वतःही एक पेला पाणी प्यायला, उगाच. त्यानंतर रोज सकाळी चहाआधी मी पाणी पिऊन बघायचे. हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाकावरच्या मेंढपाळाला नंतर सहज विचारलं, तर तोही तेच करत होता.

२० नोव्हेंबरला मतदान झालं. मी दुसरी मतदान अधिकारी, दिवसभर लोकांच्या डाव्या तर्जनीला शाई लावत होते. माझ्या शेजारच्या बोटावरची खपली दोघांनी विचारली. तेवढंच.

१ डिसेंबर, अठ्ठाविसावा दिवस. पुन्हा रविवार. शेवटचे दोन फुगवटे आले. मी विचारलं, रक्त तपासून प्रतिपिंडं झाली का ते बघू का? एरवी तब्येत धड असलेल्याला गरज नसते, डॉक्टर म्हणाल्या. कर्करोगाचे उपचार वगैरे चालू असतील तर गोष्ट वेगळी. कार्डावर शिक्का मारताना सिस्टरांनी सांगितलं, हे जपून ठेवा. पुन्हा कुत्रं चावलं तर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी दोनच डोस, सीरम नाही. आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात, त्या काही दिवसांत कामाला लागतात. पण त्यासाठी कार्ड दाखवावं लागतं. शाई पुसट होते, म्हणून मी फोटो काढून भावालाही पाठवला.

खर्चाचं विचारणारे बरेच भेटले, म्हणून लिहिते. लस, सीरम, केसपेपर शून्य. गोळ्या आणि मलम १४० रुपये. जिल्ह्याला जाण्या-येण्याचं पेट्रोल भावानं घातलं, आकडा सांगत नाही. झेरॉक्स १२ रुपये. एक शर्टाचं बटण.

काखेतली गाठ आता हाताला लागत नाही. भुऱ्या परत आला नाही. त्याची आई संध्याकाळी फाटकाशी येऊन बसते, आणि मी पायरीवरूनच भाकरी टाकते.